घरपट्टीचे फेरमूल्यांकन : बिल एकाच्या नावावर, भार दुसऱ्याच्या खिशावर

या महिन्यातली बहुतेक पत्रे मुंबईतल्या मालमत्ता कराची, म्हणजे घरपट्टीची आहेत. घरमालक विचारतात, आमचे मूल्य बरोबर धरले आहे का? भाडेकरू विचारतात, मालकाचा कर आम्ही का भरायचा? दोघांचीही उत्तरे एकाच कागदावर, म्हणजे मूल्याच्या हिशेबाच्या तपशिलात सापडतात, आणि नेमका तो कागद फारसा कोणी मागत नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीचे भांडवली मूल्य वाढल्याचे कळले. समोरच्या इमारतीतले फ्लॅट आमच्याएवढेच आहेत, तरी कर आमचा जास्त. हा हिशेब आम्हाला तपासता येईल का? (एक वाचक, गोरेगाव पूर्व)

नक्की येईल, आणि त्यासाठी सीए गाठायची गरज नाही. १ एप्रिल २०१० पासून मुंबईत मालमत्ता कर भांडवली मूल्यावर बसतो. हे मूल्य कोणी घर बघून अंदाजाने लिहीत नाही, ते सरळ गुणाकाराने येते. रेडी रेकनरमधला, म्हणजे जागांच्या सरकारी दरांच्या तक्त्यातला, तुमच्या विभागाचा प्रति चौरस मीटर दर घ्यायचा. त्याला वापराचा गुणक (निवासी, दुकान, कार्यालय वगैरे), बांधकामाच्या प्रकाराचा गुणक, इमारतीच्या वयाचा आणि मजल्याचा गुणक लावायचा, आणि शेवटी चटई क्षेत्रफळाने, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेने गुणायचे. आलेल्या मूल्याला कराचा दर लावला की वर्षाचा कर मिळतो. गुणाकार असल्यामुळे एकाही जागी चूक झाली तर ती पूर्ण उत्तरात उतरते. मूल्य कायद्याने पाच वर्षांनी बदलते, म्हणजे कोणी हरकत घेतली नाही तर चूकही पाच वर्षे चालते.

नुसत्या बिलावरून हे गुणक नीट कळत नाहीत. तुमच्या वॉर्ड ऑफिसमधल्या करनिर्धारण व संकलन खात्यात सहायक करनिर्धारक व संकलक यांच्या नावे साधा अर्ज द्या. त्यात अक्षरे आणि अंक मिळून पंधरा चिन्हांचा मालमत्ता खाते क्रमांक लिहा आणि ‘भांडवली मूल्याच्या हिशेबाचा फ्लॅटनिहाय तपशील’ मागा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तपशील मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून पाच तक्रारी एकाच अर्जात कोंबू नका.

कागद हातात आला की आधी विभाग पाहा. रेडी रेकनरचे विभाग आणि उपविभाग नगर भूमापन क्रमांकावर, म्हणजे सीटीएस नंबरवर ठरतात. एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन उपविभागांत असू शकतात, आणि तुमच्या समोरच्या इमारतीचा दर कमी असण्याचे हे सर्वात साधे कारण असते. तसे असेल तर ती चूक नव्हे. पण मालमत्ता पत्रकावरचा तुमचा सीटीएस नंबर एक आणि हिशेबात धरलेला दुसरा असेल, तर संपूर्ण इमारतीचा कर चुकतो. अशी हरकत सोसायटीने घ्यावी, एकेकट्या सभासदाने नव्हे.

त्यानंतर क्षेत्रफळ. कायद्यात चटई क्षेत्रफळ म्हटले आहे. जुन्या करारनाम्यांत मात्र बिल्टअप (भिंतींसकट), नाहीतर सुपर बिल्टअप (जिना-लॉबीच्या वाट्यासकट) लिहिलेले असते, आणि तोच आकडा कधीतरी नोंदीत शिरलेला असतो. उदाहरण घेऊ. सोप्या गणितासाठी दर १,५०,००० रुपये, वयाचा गुणक ०.९, बाकीचे गुणक १ आणि कराचा दर ०.४ टक्के धरू. तुमचा खरा दर तुमच्या तपशिलातून घ्या. चटई क्षेत्रफळ ५५ चौरस मीटर असेल तर मूल्य ७४,२५,००० रुपये आणि कर २९,७०० रुपये. त्याच जागी ६० चौरस मीटर लिहिले गेले तर मूल्य ८१,००,००० होते आणि कर ३२,४००. वर्षाला २,७०० रुपये, पाच वर्षांत १३,५०० रुपये जास्त. पाच मीटरची चूक नोंदीच्या कागदावर डोळ्यांत भरतही नाही.

वयासाठी भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे इमारत वापरायला दिलेल्या परवानगीच्या दाखल्याची तारीख काढून ठेवा. मजल्याच्या बाबतीत, लिफ्ट असलेल्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांना गुणक जास्त असतो. तळाला स्टिल्ट पार्किंग असेल तर तुमचा ‘पहिला मजला’ कोणता धरलाय ते बघा. वापरात बहुतेकदा जुनी चूक सापडते : पूर्वीच्या मालकाने घरात ऑफिस थाटले होते, ते जाऊन दहा वर्षे झाली, पण नोंद तशीच राहिली. कार्यालयाचा दर निवासी दरापेक्षा बराच चढा असतो, त्यामुळे ही चूक क्षेत्रफळाच्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते.

हरकत लिहिताना ‘कर फार वाढला’ एवढेच लिहाल तर ती फेटाळली जाईल. ‘मंजूर नकाशाप्रमाणे चटई क्षेत्रफळ ५५ चौ.मी. आहे, आपल्या हिशेबात ६० धरले आहे’ असे एका वाक्यात एक चूक मांडा. सोबत मंजूर नकाशा, करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा ‘इंडेक्स टू’), भोगवटा प्रमाणपत्र आणि आर्किटेक्टचा मोजणीचा दाखला जोडा. नोटिशीत छापलेली मुदत दिवसांत मोजायची असते. ‘पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ठरवू’ म्हणणाऱ्या सोसायट्यांची मुदत तिथेच संपते.

एक खुलासा, कारण हाच गैरसमज बऱ्याच पत्रांत आहे. रेडी रेकनर दरवर्षी बदलला तरी तुमचे भांडवली मूल्य दरवर्षी बदलत नाही. फेरमूल्यांकनाच्या वेळी धरलेला दरच पुढच्या फेरमूल्यांकनापर्यंत चालतो. मधल्या काळात मूल्य बदलायचे तर वापर किंवा क्षेत्रफळ बदलल्यासारखे कारण लागते.

प्रश्न : शिवाजी पार्कजवळच्या जुन्या इमारतीतल्या मोठ्या घराचा कर माझ्या कांदिवलीच्या नव्या फ्लॅटपेक्षा कमी कसा? याला न्याय म्हणायचा का? (एक वाचक, कांदिवली पश्चिम)

याची मुळे जुन्या पद्धतीत आहेत. २०१० पूर्वी कर ‘करयोग्य मूल्या’वर बसायचा. घर वर्षभर भाड्याने दिले तर किती भाडे येईल ते धरायचे आणि त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे. मुंबईतली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवलेली होती, आणि करयोग्य मूल्य प्रमाण भाड्याच्या, म्हणजे कायद्याने ठरलेल्या भाड्याच्या पलीकडे जाऊ शकत नव्हते. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या प्रशस्त घराला किरकोळ कर आणि उपनगरातल्या नव्या वनबीएचकेला भरभक्कम कर, अशी उलटी उतरंड कित्येक दशके टिकली. भांडवली मूल्य आणले ते मुख्यतः हीच उतरंड मोडण्यासाठी.

मोडली ती अर्धीच. एका फटक्यात कर दहापट होऊ नये म्हणून कायद्याने कमाल मर्यादा घातल्या. २०१० साली निवासी घराचा कर आदल्या वर्षाच्या दुपटीपेक्षा जास्त नको, अनिवासी जागेचा तिपटीपेक्षा जास्त नको. पुढे पाच वर्षांनी होणाऱ्या फेरमूल्यांकनात वाढ ४० टक्क्यांच्या आत. गणिताने ६०,००० रुपये कर निघतो, पण आधीचा कर ८,००० होता, अशा घराला दुपटीने १६,००० आणि पुढच्या फेरीत ४० टक्क्यांनी २२,४०० एवढाच कर लागतो. नव्या इमारतीला ‘आदल्या वर्षाचा कर’ नसतोच, म्हणून तिला पहिल्या दिवसापासून पूर्ण गणित लागू होते. सारख्या मूल्याच्या दोन घरांना दोन वेगळे कर लागतात, त्याचे कारण हे.

मर्यादा असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला घराची किंमत वाढली म्हणून रोख पैसे मिळत नाहीत. कर मात्र रोखच भरावा लागतो. पण फेरमूल्यांकन जितके पुढे ढकलाल तितकी ही दरी रुंदावते. २०१५ नंतरचे फेरमूल्यांकन २०२० मध्ये व्हायचे होते, ते करोनाच्या काळात लांबले. थांबवलेल्या फेरमूल्यांकनाचा फायदा ज्याचा कर मुळात कमी आहे त्यालाच होतो, आणि ज्याचा कर आधीच पूर्ण आहे तो तसाच भरत राहतो.

या मर्यादेत एक खाचही आहे. समजा, जुना कर २०,००० रुपये, गणिताने नवा कर ३४,००० निघतो, आणि ४० टक्क्यांच्या मर्यादेमुळे बिल २८,००० चे येते. तुम्ही क्षेत्रफळाची चूक दुरुस्त करून घेतली आणि गणित ३१,००० वर आले. बिल तरीही २८,००० च राहील. ‘काही फरक पडला नाही’ म्हणून इथेच पुष्कळजण हरकत सोडून देतात. सोडू नका. पुढच्या फेरीत मर्यादा ३९,२०० वर जाईल आणि चुकीचे क्षेत्रफळ तेव्हा पूर्ण वसूल होईल.

प्रश्न : अंधेरीत लिव्ह अँड लायसन्सवर वनबीएचके घेतला आहे. ११ महिन्यांच्या करारातले पाच महिने झाले. मालक म्हणतात, प्रॉपर्टी टॅक्स वाढलाय, दरमहा १,५०० रुपये जास्त द्या. द्यावे लागतील का? (एक वाचक, अंधेरी पश्चिम)

आधी करारनामा काढा आणि ‘कर’, ‘टॅक्स’, ‘आउटगोइंग्ज’ हे शब्द शोधा. बहुतेक करारांत मालमत्ता कर आणि सोसायटीचे मेंटेनन्स मालकाने, वीज-गॅसचे बिल राहणाऱ्याने, असे स्पष्ट असते. तसे असेल तर मुदत संपेपर्यंत ठरलेली रक्कम तीच राहते. कर वाढला हे करार मध्येच बदलायचे कारण होत नाही. ‘कर वाढल्यास वाढीव रक्कम परवानाधारक (म्हणजे राहणारा) देईल’ असे कलम असेल तर मात्र द्यावी लागेल, आणि तीही प्रत्यक्ष वाढीएवढीच.

प्रत्यक्ष वाढ किती हे पाहण्यासाठी मालकाकडून जुने आणि नवे अशी दोन्ही बिले मागा. मागण्यात संकोच कसला? ज्या आकड्याच्या नावाने पैसे मागितले जातात तो आकडा पाहायचा तुम्हाला हक्क आहे. खाते क्रमांक मिळाला तर महापालिकेच्या पोर्टलवर बिल स्वतःही पाहता येते. त्यानंतर गणित करा. मालकाचा जुना कर वर्षाला १८,००० असेल तर फेरमूल्यांकनात तो जास्तीत जास्त २५,२०० होईल. फरक ७,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ६००. १,५०० रुपयांतले ९०० कराचे नाहीत, ती साधी भाडेवाढ आहे. भाडेवाढ मागायची तर करार नव्याने करताना मागावी.

आणखी एक गोष्ट पाहा : घराचे चटई क्षेत्रफळ. अंधेरीतले पुष्कळ वनबीएचके ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरच्या आतले असतात. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत एवढ्या निवासी घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. तुमचे घर त्यात बसत असेल तर वाढ सोडा, कर मुळातच शून्य आहे.

सबुरीने घ्या. मालकाशी वाद आहे म्हणून मुदत संपल्यावर घर अडवून बसू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली मुदत संपल्यानंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागू शकते. ६०० रुपयांच्या वादात महिन्याचे भाडे दुप्पट करून घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : घर भाड्याने दिले तर कर वाढतो का? (एक वाचक, मुलुंड)

निवासासाठी दिले तर नाही. जुन्या करयोग्य मूल्याच्या पद्धतीत भाड्याच्या आकड्यावर कर वाढायचा, कारण मूल्यच भाड्यावरून निघायचे. भांडवली मूल्याच्या सूत्रात भाडे येतच नाही. मालक स्वतः राहो की भाडेकरू, कर तोच. आम्हाला ही पद्धत याच कारणाने जास्त न्याय्य वाटते. मात्र घर ऑफिस किंवा गेस्ट हाउस म्हणून चालवायला दिलेत तर वापर बदलतो आणि कर चढतो. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगर-वास्तव्य शुल्क घेते ते वेगळे. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, आणि हे १० टक्के काढताना मालमत्ता कर त्यात मिळवायचा नसतो.

प्रश्न : गिरगावात आमची १८० चौरस फुटांची पागडीची खोली आहे. इमारतीत २२ खोल्या आणि खाली ४ दुकाने. घरमालकाने ‘नवीन टॅक्सचा वाटा’ म्हणून प्रत्येकाला वर्षाला ४,६१५ रुपयांची चिठ्ठी दिली आहे. (एक वाचक, गिरगाव)

तुम्ही सोबत पाठवलेल्या चिठ्ठीत घरमालकाने हिशेबही लिहिला आहे : बिल १,२०,००० रुपये, भागिले २६. हा भागाकारच चुकीचा आहे.

भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ११ प्रमाणे घरमालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ घेता येते. स्थानिक संस्थेने कर नव्याने लावला किंवा वाढवला तर ती वाढही भाडेकरूकडून घेता येते. पण अट अशी की घ्यायची रक्कम त्या जागेवर प्रत्यक्ष पडलेल्या वाढीपेक्षा जास्त नको. तुमची खोली ५०० चौरस फुटांच्या आतली, निवासी. तिच्यावर मालमत्ता कर शून्य. बाकीच्या २१ खोल्याही तेवढ्याच असतील तर हे १,२०,००० रुपये आले कुठून? चार दुकानांवरून. दुकानांचा कर खोल्यांवर वाटून टाकला आहे. तुमच्या वाट्याला यातला एक रुपयाही येत नाही.

अपवाद एकच पाहून घ्या. तुमच्या भागातल्या जुन्या इमारती उपकरप्राप्त असतात, म्हणजे त्यांच्यावर दुरुस्तीसाठी वेगळा उपकर बसतो. हा दुरुस्ती उपकर महापालिकाच गोळा करते, पण तो म्हाडाच्या कायद्याखालचा आहे. त्यातला वाटा भाडेकरूकडून घेता येतो. तो बिलात वेगळ्या ओळीत असतो आणि चिठ्ठीतही वेगळाच लिहिलेला हवा. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात मोडतात.

आता काय करायचे ते नीट वाचा, कारण इथे चुकलात तर खोलीवर बेतेल. चिठ्ठी चुकीची आहे म्हणून गप्प बसू नका, आणि रागाने नेहमीचे भाडे थांबवू तर मुळीच नका. भाडे आणि कायद्याने घेता येणारी वाढ थकली, घरमालकाने लेखी नोटीस दिली आणि नोटिशीनंतर ९० दिवस उलटले, की थकबाकीसाठी घर खाली करण्याचा दावा लावता येतो. म्हणून भाडे वेळच्या वेळी मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवा. चिठ्ठीला स्पीड पोस्टाने उत्तर द्या : ‘वाढ कलम ११ प्रमाणे असल्यास आमच्या खोलीवरील कराचा खोलीनिहाय तपशील आणि बिलाची प्रत द्यावी. माझ्या खोलीवर देय असलेली रक्कम भरण्यास मी तयार आहे.’ हे शेवटचे वाक्य सोडू नका. पैसे द्यायची तयारी होती हे पुढे न्यायालयात याच कागदावरून दिसते. सगळ्या खोल्यांनी एकाच मजकुराचे उत्तर दिलेत तर उत्तम, पण सही आणि पोच प्रत्येकाची वेगळी असू द्या. तरीही तिढा सुटला नाही तर प्रमाण भाडे आणि घेता येणारी वाढ ठरवून मागण्यासाठी लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) अर्ज करता येतो.

भाड्याची पावती द्यायची घरमालकावर सक्ती आहे. पावतीवर भाडे, दुरुस्ती उपकर आणि कर अशा तीन वेगळ्या ओळी मागा. एकाच आकड्यात सगळे मिसळले की पुढच्या वर्षीचे ४ टक्के उपकरावरही चढतात, आणि दहा वर्षांनी मूळ भाडे किती होते हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ४८० चौरस फुटांचे १२ आणि ६५० चौरस फुटांचे १६ फ्लॅट आहेत. बिल एकत्र येते. आम्ही ते सगळ्यांत सारखे वाटतो. लहान फ्लॅटवाले तक्रार करतात. (खजिनदार, बोरिवली पश्चिम)

त्यांची तक्रार रास्त आहे. वर्षाचे बिल ४,००,००० रुपये धरा. सारखे वाटले तर प्रत्येकाला १४,२८६ रुपये. ‘निदान चौरस फुटावर वाटू’ म्हणाल तर लहान फ्लॅटला ११,८८१ रुपये. दोन्ही चूक, कारण ४८० चौरस फुटांच्या फ्लॅटला कर माफ आहे. बिल फक्त १६ मोठ्या फ्लॅटचे आहे, प्रत्येकी २५,००० रुपये.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (नमुना नियमावलीत) मालमत्ता कराची वाटणी स्थानिक संस्थेने त्या फ्लॅटवर जसा कर ठरवला असेल तशी करायची आहे. सेवाशुल्क सगळ्यांना सारखे, पाणी नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. कराला यातली कुठलीच पद्धत लावायची नाही. सर्वसाधारण सभेने बहुमताने ‘सारखे वाटू’ असा ठराव केला तरी सवलत ज्या फ्लॅटची आहे त्याच फ्लॅटला मिळाली पाहिजे.

वॉर्डातून फ्लॅटनिहाय तपशील मागवा, १ जानेवारी २०२२ पासून लहान फ्लॅटकडून घेतलेली रक्कम काढा, आणि ती एकदम परत देणे झेपत नसेल तर मेंटेनन्समधून हप्त्यांनी वळती करा. मोठ्या फ्लॅटवाल्यांकडून फरक घ्यावा लागेल. तो सांगताना वातावरण तापेल, म्हणून सभेच्या आधीच फ्लॅटनिहाय तक्ता सूचना फलकावर लावा. आकडे आठवडाभर डोळ्यांसमोर राहिले की सभेत चर्चा आकड्यांची होते.

प्रश्न : माझा फ्लॅट बिलात ४७ चौरस मीटर दाखवला आहे. सवलत फक्त जादा भागापुरती जाते का? (एक वाचक, चेंबूर)

नाही, सगळी जाते. ४७ चौरस मीटर म्हणजे जवळपास ५०६ चौरस फूट, आणि कर पूर्ण ४७ मीटरवर बसतो. सहा फुटांसाठी शून्यावरून पूर्ण कर हे आम्हाला पटत नाही. सवलत टप्प्याटप्प्याने उतरती हवी होती. पण आज नियम असा आहे. म्हणून तुमच्यासारख्यांनी मोजणी जरूर करून घ्यावी. भिंती सोडून आतले मोजायचे असते, आणि ०.५५ मीटरचा फरक भिंतींच्या जाडीतही निघू शकतो. बाल्कनी आत घेतली असेल तर मोजणीत ती येईल, हे आधीच लक्षात घ्या.

प्रश्न : हरकत दिली, पण निकाल लागेपर्यंत बिल भरू नका असे काहीजण म्हणतात. (एक वाचक, विलेपार्ले)

हा सल्ला महागात पडतो. बिलावरची शेवटची तारीख उलटली की दरमहा २ टक्के दंड लागतो. २०,००० रुपयांवर वर्षाला ४,८०० रुपये. हरकत प्रलंबित आहे म्हणून दंड आपोआप थांबत नाही. ‘हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे’ असे पत्र देऊन भरा. निकाल तुमच्या बाजूने लागला तर जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

हरकत फेटाळली तर लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्यासाठी दोन गोष्टी आधी झालेल्या लागतात : महापालिकेकडे मुदतीत हरकत घेतलेली असणे आणि मागणीची रक्कम जमा केलेली असणे. म्हणजे बिल न भरणाऱ्याने अपिलाचा दरवाजाही स्वतःच्याच हाताने बंद केलेला असतो. अपिलाची मुदतही थोड्या दिवसांचीच असते. निकालाचा कागद मिळाला त्या तारखेचा पाकिटासकट पुरावा जपा.

प्रश्न : इमारत पाडली आहे, पुनर्विकास रखडला आहे. मोकळ्या जमिनीवर पुढे किती मजले होऊ शकतील ते धरून कर लावता येतो का? (एक वाचक, घाटकोपर)

नाही. पुढे वापरता येईल अशा एफएसआयच्या (जमिनीवर किती बांधकाम करता येईल त्या प्रमाणाच्या) जोरावर मोकळ्या जमिनीचे मूल्य फुगवणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरवले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. जमीन आज जशी आहे तशीच मोजायची. तुमच्या बिलात भावी एफएसआय धरला असेल तर हरकतीत या निर्णयाचा स्पष्ट उल्लेख करा. विकासकाने कर भरायचा असे करारात असले, तरी सोसायटीने दर सहामाहीला पावती मागून फाइलला लावावी. महापालिकेच्या दप्तरी थकबाकी जमिनीच्या खात्यावर चढते, विकासकाच्या नव्हे.

प्रश्न : मालकाने कर थकवला. आता महापालिकेची नोटीस मी राहतो त्या फ्लॅटच्या दारावर आली आहे. मी भाडेकरू आहे. (एक वाचक, कुर्ला)

कर भरायची पहिली जबाबदारी घर भाड्याने देणाऱ्याची. पण त्याने मागणीनंतरही भरला नाही, तर महापालिका ताबेदाराकडे, म्हणजे तिथे राहणाऱ्याकडे येऊ शकते. नोटीस बाजूला ठेवू नका. त्यातला कालावधी आणि तुमच्या कराराची तारीख ताडून पाहा. तुम्ही राहायला येण्याआधीची थकबाकी त्यात असेल तर करारनाम्याची प्रत जोडून वॉर्ड ऑफिसला लगेच लेखी कळवा. भरावी लागलीच तर पावती स्वतःजवळ ठेवा. ती रक्कम मालकाच्या हिशेबात जमा धरून भाड्यातून वळती करायचा हक्क कायद्याने दिला आहे. वळती करण्याआधी मालकाला पावतीची प्रत आणि कोणत्या महिन्याच्या भाड्यातून किती रक्कम कापणार हे लेखी पाठवा, म्हणजे ती कपात थकबाकी म्हणून तुमच्या अंगाला चिकटणार नाही.